युरोपातली रात्रीची गाडी: किती वेळा घ्यावी, कुठे घ्यावी आणि पास काढावा का

प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात पाच जण निघणार: नवरा-बायको, सत्तरीकडे झुकलेले आई-वडील आणि नऊ वर्षांचा मुलगा. पॅरिस, स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या आसपास, मग व्हिएन्ना, व्हेनिस आणि शेवटी रोम. एकूण चौदा रात्री. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना दर वेळी रात्रीची गाडी घ्यायची, म्हणजे चार रात्रींचं हॉटेल वाचेल, असा बेत आहे. त्यासाठी युरेल पास, म्हणजे अनेक देशांतल्या गाड्यांना चालणारा एकच पास, घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत, हे विचारलं आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. रात्रीची गाडी एकदाच घ्या, व्हिएन्ना ते व्हेनिस. तीही पाच जणांत अख्खं कंपार्टमेंट घेऊन. बाकीचे तीन टप्पे दिवसा करा. पास घेऊ नका. ही मतं कशी बनली ते आता सविस्तर.

तुमच्या चार टप्प्यांपैकी दोन ठिकाणी रात्रीच्या गाडीचा प्रश्नच येत नाही. पॅरिस ते झुरिक टीजीव्ही ही फ्रेंच वेगवान गाडी साधारण चार तासांत पोचते आणि व्हेनिस ते रोमही वेगवान गाडीने तितकाच वेळ लागतो. चार तासांच्या अंतरावर कुणी झोपायची गाडी चालवत नाही. रात्रीची गाडी खरी कामाची ठरते ती नऊ ते तेरा तासांच्या प्रवासात. अंतर त्याहून कमी असलं तर गाडी मुद्दाम रेंगाळवतात, मधल्या एखाद्या स्टेशनात तास-दोन तास उभी करतात, कारण पहाटे तीन वाजता लोकांना उतरवून कुणाचंच भलं होत नाही. वेळापत्रकात रात्रीची गाडी दिवसाच्या गाडीपेक्षा तीन-चार तास जास्त घेताना दिसली तर दचकू नका, ते ठरवून केलेलं असतं.

राहिले दोन टप्पे. झुरिक–व्हिएन्ना या मार्गावर रात्रीचीही गाडी आहे आणि दिवसाचीही. इथे मी ठामपणे दिवसाच्या बाजूने आहे. दिवसाची रेलजेट गाडी आठ तासांच्या आत व्हिएन्नाला नेते आणि त्या आठ तासांत जे दिसतं त्यासाठी लोक वेगळ्या ‘पॅनोरामिक’ गाड्यांना भरमसाट पैसे मोजतात. झुरिक सोडल्यावर डावीकडच्या खिडकीशी बसा. आधी झुरिकचं सरोवर आणि मग वालेनझे, दोन्ही त्याच बाजूला. वालेनझेच्या पलीकडे चुरफिर्स्टनचे कडे थेट पाण्यातून उठल्यासारखे उभे असतात. पुढे बुख्स स्टेशनात गाडीची दिशा उलटते. तोवर तोंड पुढे करून बसलेले आता पाठ पुढे करून बसतात. नवखी मंडळी घाबरून ‘परत चाललो की काय’ विचारतात, त्यांत तुम्ही नसाल. नंतर चिमुकलं लिखटेनश्टाइन चहा संपायच्या आत मागे पडतं, मग आर्लबर्गचा दहा किलोमीटरहून लांब बोगदा, जो १८८४ साली खुला झाला, आणि मग इन्सब्रुक. त्यापुढे गाडी साल्झबुर्गला पोचेपर्यंत काही वेळ न थांबता जर्मनीतून जाते. तेवढ्यासाठी का होईना, पासपोर्ट बॅगेच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवा. शेंगेन, म्हणजे एकमेकांच्या सीमेवर एरवी तपासणी न करणाऱ्या देशांचा गट असला तरी त्या भागात तपासणी होऊ शकते.

आई-वडिलांच्या दृष्टीनेही हे सोयीचं. सकाळी हॉटेलात अंघोळ-नाश्ता करून निघायचं, गाडीत बसल्या जागी डोंगर बघायचे, संध्याकाळी व्हिएन्नाच्या हॉटेलात पाठ टेकायची. आणि लवकर काढलं तर या मार्गाचं दिवसाचं तिकीट रात्रीच्या बर्थच्या तुलनेत फारच स्वस्त पडतं.

आता मूळ हिशोब. ‘रात्रीची गाडी म्हणजे हॉटेल फुकट’ हे गणित मला अगदी रोज ऐकावं लागतं. ते अर्धंच खरं आहे. आपल्याकडे स्लीपरने नागपूर-मुंबई केलं की तिकीट किरकोळ आणि रात्र कटली, म्हणून ही सवय पडलेली. युरोपात झोपायची जागा स्वस्त असूच शकत नाही, त्याचं कारण डब्याच्या रचनेत आहे. साध्या बैठकीच्या डब्यात सत्तर-ऐंशी माणसं बसतात. सहा-सहा बर्थच्या डब्यात पन्नास ते साठ. आणि खऱ्या स्लीपर डब्यात, एका खोलीत तीन जण धरले तरी, छत्तीसच्या आसपास. रूळ वापरण्याचं भाडं मात्र गाडीला किलोमीटरमागे द्यावं लागतं, आत माणसं किती आहेत याच्याशी त्याचा फार संबंध नाही. शिवाय दिवसाची गाडी तोच डबा दोन-तीन फेऱ्यांना वापरते, रात्रीच्या डब्याची चोवीस तासांत एकच फेरी. याच गणितापायी जर्मन रेल्वेने २०१६च्या डिसेंबरात आपल्या झोपायच्या गाड्या बंद केल्या. ऑस्ट्रियाच्या रेल्वेने त्यातल्या बऱ्याच मार्गांवर नाइटजेट या नावाने गाड्या चालवायला घेतल्या आणि आज मध्य युरोपातला रात्रीचा प्रवास बहुतांशी त्यांच्यावरच उभा आहे. पॅरिसहून व्हिएन्ना आणि बर्लिनला जाणाऱ्या त्यांच्या गाड्या २०२५च्या डिसेंबरात थांबल्या, कारण फ्रेंच सरकारचं अनुदान आटलं. दोन-तीन वर्षांपूर्वीचे प्रवासाचे व्हिडिओ बघून बेत आखत असाल तर हे लक्षात असू द्या.

म्हणून तुलना करताना ‘गाडी विरुद्ध हॉटेल’ असं मांडू नका. एका पारड्यात बर्थचं भाडं ठेवा. दुसऱ्या पारड्यात दिवसाच्या गाडीचं तिकीट, एका रात्रीचं हॉटेल आणि प्रवासात गेलेला दिवस. पहिल्या दोन गोष्टींची बेरीज बर्थच्या जवळपास येते, कधी थोडी वर, कधी थोडी खाली. निकाल लागतो तो तिसऱ्या गोष्टीवर. चौदा रात्रींच्या सहलीत, विमानाचं भाडं आणि व्हिसाचा खर्च धरून, तुमचा एकेक दिवस केवढ्याला पडतो ते काढा. तो आकडा बघितला की रात्रीच्या गाडीचा उपयोग कशात आहे ते कळेल. झुरिक–व्हिएन्नाला दिवस वाया जात नाही, तो प्रवासच बघण्यासारखा आहे. व्हिएन्ना–व्हेनिसला मात्र मी दिवस वाचवेन, कारण व्हिएन्नात बघायला खूप आहे आणि तुमच्याकडे तिथे दोनच पूर्ण दिवस उरतात.

एक गोष्ट त्यात सुटते, तीही सांगतो. दिवसाची व्हेनिसची गाडी सेमेरिंगच्या घाटातून जाते. १८५४ साली पुरा झालेला हा डोंगरी लोहमार्ग, म्हणजे आपला बोरघाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला त्याच्याही आधीचा. आता तो जागतिक वारसा आहे. खंडाळ्यात गाडी चढताना जे दारात उभे राहतात त्यांना तो चुकल्याची हळहळ वाटेल. रात्रीची गाडी साल्झबुर्गकडून वळसा घेऊन जाते, त्यामुळे तो घाट लागतच नाही. पण घाटच बघायचा असेल तर व्हिएन्नाहून अर्ध्या दिवसात साध्या गाडीने सेमेरिंगला जाऊन येता येतं, त्यासाठी अख्खा टप्पा दिवसा करायची गरज नाही.

पासाचं बघू. युरेल पास युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी, इंटररेल तिथे राहणाऱ्यांसाठी. तुमचा कुणी भाऊ-बहीण म्युनिकला किंवा ॲमस्टरडॅमला नोकरीला असेल तर त्यांनी इंटररेल घ्यायचा, तुम्ही युरेल. दोन्हींचे नियम जवळजवळ सारखेच. महिन्याभरात चार, पाच किंवा सात दिवस प्रवास, असे पास मिळतात. तुमच्या टप्प्यांना चार दिवसांचा पुरेल. चार ते अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या पासाबरोबर फुकट पास, साठीपुढच्यांना दहा टक्के सूट. ऐकायला छान. पण पासावर नुसतं गाडीत बसता येतं, जागा मिळत नाही. पॅरिस–झुरिक टीजीव्हीला पासधारकाला वेगळं आरक्षण लागतं, ते महाग आहे आणि त्याचा कोटा मर्यादित. इटलीतल्या वेगवान गाड्यांना पुन्हा आरक्षण. रात्रीच्या गाडीत बर्थचे पैसे वेगळे. फुकट पासवाल्या मुलालाही ही आरक्षणं विकतच घ्यावी लागतात. याउलट दोन-तीन महिने आधी काढलेल्या चार सुट्या तिकिटांची बेरीज पासाच्या किमतीखाली बसते, आणि त्यात जागाही आलेली असते. पास कुणाला परवडतो? ज्यांचं काहीच ठरलेलं नाही, जे सकाळी उठून हवामान बघून गाव ठरवतात, आणि जे जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड अशा बिनआरक्षणाच्या देशांत जास्त फिरतात. तुमची हॉटेलं व्हिसासाठी आधीच ठरणार आहेत, मग त्या मोकळेपणाचे पैसे का मोजायचे?

ज्यांचं बस्तान बसलेलं नाही अशा तरुण वाचकांसाठी एक उपयोगाची माहिती: पासावर रात्रीची गाडी मध्यरात्रीच्या आधी पकडली आणि नंतर गाडी बदलली नाही, तर निघायचा एकच दिवस खर्ची पडतो, पोचायचा दिवस धरत नाहीत.

आता तिकीट काढताना काय निवडायचं. रात्रीच्या गाडीत तीन प्रकार असतात: बैठक, कुशेट आणि स्लीपर. बैठक सगळ्यात स्वस्त, आणि पंचविशीच्या आतली पाठ असेल तरच घ्यावी. समोरासमोरच्या जागा, रात्रभर चढणारी-उतरणारी माणसं, दार आतून बंद होत नाही. चोऱ्यांच्या ज्या गोष्टी तुम्ही ऐकता त्यांतल्या बहुतेक इथल्या. कुशेट म्हणजे आपल्या थ्री टायर एसीची साइड बर्थ काढून टाकलेली, शिवाय दार आणि आतून कडी असलेली खोली. सहा बर्थ, उशी, चादर, पांघरूण, सकाळी साधा नाश्ता. काही डब्यांत चारच बर्थ लावतात, त्याचं भाडं जास्त. स्लीपर हा तिथला सगळ्यात महाग प्रकार: एक ते तीन जणांची खोली, आत वॉशबेसिन, वरच्या दर्जात शॉवर आणि टॉयलेटसुद्धा. पाच जणांसाठी दोन स्लीपर खोल्या घेतल्यात तर वाचवलेलं हॉटेल विसरा.

तुम्ही पाच आहात हे तुमच्या पथ्यावर पडतं. सहा बर्थचं कुशेट खाजगी म्हणून अख्खं घेता येतं. माणशी भागलं की सुट्या बर्थपेक्षा थोडंच वर जातं आणि अनोळखी माणसाबरोबर झोपायचा प्रश्न मिटतो. सुटे बर्थ घेतलेत तर सहावा कोण येईल ते नशीब. तिथे स्त्री-पुरुष एकत्रच असतात, एकट्या बाईने जाताना ‘फक्त महिला’ असा कंपार्टमेंट निवडायची सोय आहे, ती जरूर वापरावी. बुकिंग करताना खालचा, मधला, वरचा अशी पसंती देता येते. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर खालचे दोन बर्थ आई-वडिलांना, मुलाला सगळ्यात वरचा. त्याला शिडी चढायला मिळाली की तो खूश.

वेटिंग, आरएसी, तत्काळ यांतलं तिथे काहीही नाही. बर्थ आहे किंवा नाही. आणि दर विमानासारखे चढतात. नाइटजेटची तिकिटं साधारण सहा महिने आधी उघडतात आणि खाजगी कंपार्टमेंट सगळ्यात आधी संपतात, कारण प्रत्येक डब्यात मोजकीच. दर वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री युरोपभर वेळापत्रक बदलतं. त्यामुळे त्या तारखेनंतरच्या गाड्या कधीकधी उशिरा उघडतात. नोव्हेंबरात साइटवर तुमची गाडी दिसली नाही म्हणून ती रद्द झाली असं समजू नका.

इथे व्हिसाचा पेच येतो आणि स्वस्तात फिरणाऱ्या मराठी कुटुंबांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. सगळ्यात स्वस्त तिकीट परत होत नाही. व्हिसा मिळायच्या आधी ते काढलं आणि अपॉइंटमेंटच लांबली, तर गेलं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी जानेवारीत अर्ज करा, ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्याच्या वकिलातीकडे. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. व्हिसा हातात आला की त्याच दिवशी आधी नाइटजेट, मग इटलीतली गाडी, मग बाकीची. नोव्हेंबरपेक्षा दर थोडा चढलेला असेल. तेवढा चढ सोसावा, पाच तिकिटं पाण्यात जाण्यापेक्षा ते बरं. मे महिन्यात मात्र एक पाहून ठेवा. १ मे, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार या सुट्यांच्या आजूबाजूला तिथलेही लोक फिरायला निघतात. त्या दिवसांना जोडून आलेल्या शुक्रवारची रात्रीची गाडी टाळून मंगळवार-बुधवारची बघितलीत तर दरात चांगला फरक दिसेल.

तिकिटं नेहमी त्या-त्या रेल्वेच्या स्वतःच्या साइटवरून किंवा ॲपवरून काढा. मध्यस्थ साइट शुल्क लावतात आणि गाडी रद्द झाली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. आपल्या कार्डावर परदेशातले ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमापासून ते आपणच बँकेच्या ॲपमध्ये जाऊन चालू करायचे असतात. आणि हे सगळं भारतात असतानाच उरका. व्हिएन्नात उभं राहून ओटीपीची वाट बघणं नको.

आता प्रत्यक्ष ती रात्र. गाडी व्हिएन्नाच्या हाउप्टबानहोफ या मुख्य स्टेशनावरून रात्री साडेनऊच्या सुमारास सुटते. नेमकी वेळ तिकिटावर बघा, रुळांच्या कामामुळे मागेपुढे होते. पाऊण तास आधी पोचा. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात पण या स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं. तिथे ब्रेड, चीज, दही, केळी, टोमॅटो घ्या. गाडीत गरम जेवणाचा डबा नाही, सहायकाकडे थोडंफार खाण्यापिण्याचं विकत मिळतं तेवढंच. थेपले-चिवडा न्याच, पण बंद खोलीत सहा माणसांत लसणाची चटणी उघडू नका. खाजगी कंपार्टमेंट असेल तर खुशाल उघडा. पाण्याच्या बाटल्या व्हिएन्नातच नळावर भरा. तिथलं नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं आहे, विकतचं घ्यायची गरज नाही. गाडीतल्या टॉयलेटच्या नळाचं मात्र पिऊ नका.

फलाटावर गाडीचं चित्र असलेला फलक असतो, त्यात डबा क्रमांक आणि फलाटाचं अक्षर दिसतं. तुमचा डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते आधी बघून तिथेच उभं राहा. इथे आळस केला तर भोगावं लागतं, कारण ही गाडी एकाच गावाला जाणारी एकसंध गाडी नसते. मध्यरात्री साल्झबुर्गच्या सुमारास डबे तोडतात, जोडतात. आपण झोपेत असताना दोन-चार धक्के बसतात, ते त्याचेच. कुठल्याही डब्यात चढून आतून चालत जाऊ हा आपला हिशोब इथे करू नये. चुकीच्या डब्यात डोळा लागला तर सकाळी भलत्याच शहरात जाग येईल.

डब्यात शिरल्यावर सामानाचा प्रश्न सोडवा. खालच्या बर्थखाली जागा असते आणि दाराच्या वर, मार्गिकेच्या छतावर एक खोल फळी असते. पाच जणांच्या पाच मोठ्या चाकांच्या बॅगा तिथे मावत नाहीत. हे मी शक्य तितक्या सौम्यपणे सांगतो: मोठ्या दोन आणि पाठीवरच्या पाच, याहून जास्त नको. एका रात्रीचे कपडे, टूथब्रश, औषधं पाठीवरच्या पिशवीत वेगळी ठेवा म्हणजे मोठी बॅग उघडायचीच वेळ येत नाही. जुन्या डब्यांत प्रत्येक बर्थला चार्जिंगचा सॉकेट नसतो, पॉवर बँक भरून न्या. टॉयलेटमध्ये जेट नसतो, एक रिकामी बाटली हाताशी ठेवा. आईंना हे आधीच सांगून ठेवलंत तर त्यांची निम्मी चिंता मिटेल.

सहायक येऊन तिकीट बघतो, काही वेळा स्वतःकडे ठेवतो आणि सकाळी परत देतो. चहा की कॉफी, तेही तेव्हाच विचारतो. तो गेला की दाराला आतून दोन्ही कड्या लावा. एक साधं कुलूप आणि एक अशी की दार बोटभरच उघडतं. रात्री कुणी ठोठावलं तर त्या फटीतून बघूनच उघडा. पासपोर्ट आणि पैसे अंगावर, कपड्यांच्या आत. यापलीकडे भीती बाळगायचं कारण नाही.

उतरायच्या अर्धा-पाऊण तास आधी तोच माणूस ट्रे घेऊन येतो: दोन गोल पाव, लोणी, जॅम आणि चहा-कॉफी. मधला बर्थ तोवर खाली पाडलेला असला तर सगळ्यांना नीट बसून खाता येतं. मग मेस्त्रे स्टेशन येतं आणि अर्धा डबा उभा राहतो. तुम्ही बसून राहा. व्हेनिस मेस्त्रे हे जमिनीवरचं उपनगर. तुम्हाला उतरायचं ते पुढचं, व्हेनिस सांता लुचिया. मधली दहा मिनिटं गाडी १८४६ साली बांधलेल्या पुलावरून खाडीच्या पाण्यातून जाते. मुलाला तेव्हा खिडकीशी बसवा. स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की समोर ग्रँड कॅनाल. रिक्षा-टॅक्सीचा प्रश्न नाही, पाण्यातली बस आहे किंवा पाय आहेत. पुलांच्या पायऱ्यांवरून बॅगा उचलाव्या लागतात, म्हणून पुन्हा सांगतो, सामान कमी.

तुम्ही पोचणार सकाळी साडेआठच्या आसपास आणि हॉटेलची खोली मिळणार दुपारी दोन-तीनला. रात्रीच्या गाडीचा खरा त्रास हाच. बॅगा हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून घेतात, त्याला बहुधा पैसे पडत नाहीत, पण अंघोळीची सोय होत नाही. आई-वडिलांना ते सोसणार नसेल तर हॉटेलला आधीच लिहून लवकर खोली मागा, थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्या. त्या दिवशी दुपारनंतरचं तिकिटाचं काही ठेवू नका, सगळेच पेंगतात.

पुढे व्हेनिस–रोम. या मार्गावर दोन कंपन्या आहेत: सरकारी त्रेनइतालिया आणि २०१२पासून धावणारी खाजगी इतालो. दोघांची चुरस आपल्या फायद्याची, दोन्हींचे दर ताडून बघा. महिना-दोन महिने आधी जे तिकीट मिळतं त्याच्या तिप्पट-चौपट दर आयत्या वेळी पडतो. इटलीतल्या साध्या प्रादेशिक गाड्यांचं उलट आहे, त्यांचा दर अंतरावर ठरलेला, सहा महिने आधी काढा की पाच मिनिटं आधी. त्यांचं कागदी तिकीट मात्र चढण्यापूर्वी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा. तो नसला तर तिकीट खिशात असूनही दंड. इटलीत संपही वारंवार होतात, पण आधी जाहीर करून. ‘शोपेरो’ हा शब्द स्टेशनावर दिसला की चौकशी करा. संपाच्या दिवशीही ठरावीक लांब पल्ल्याच्या गाड्या चालवाव्याच लागतात आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी सहा ते नऊ प्रादेशिक गाड्या हमखास सुटतात.

गाडी उशिरा आली तर काय? युरोपीय संघाचा नियम स्पष्ट आहे. एक तासापासून दोन तासांपर्यंत उशीर झाला तर तिकिटाचे पंचवीस टक्के, दोन तासांच्या पुढे पन्नास टक्के परत मागता येतात. वादळ-पुरासारखं कारण असेल तर नाही. आपोआप कुणी देत नाही, ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. आपली माणसं ‘जाऊ दे’ म्हणून सोडून देतात. पाच जणांचं अर्धं भाडं सोडू नका. गाडीच रद्द झाली आणि रात्र काढावी लागली तर हॉटेलची सोय शक्य असेल तिथे रेल्वेने करायची असते. स्वतः खोली घ्यायच्या आधी खिडकीवर जाऊन विचारा आणि पावती जपा.

एवढं वाचून मुलाला आणखी एक रात्र गाडीत काढायची असेल, आणि रोमनंतर दोन-तीन दिवस वाढवता येत असतील, तर झुरिक–व्हिएन्नाची रात्रीची गाडी सोडा, सिसिलीची गाडी घ्या. रोम तेर्मिनीहून रात्री निघणारी इंटरसिटी नोत्ते सकाळी व्हिला सान जोव्हान्नीला समुद्राशी येते. तिथे गाडीचे तुकडे करून ते एकेक करत जहाजाच्या पोटात रुळांवर ढकलतात. तुम्ही डब्यातच असता. जहाज सुटलं की जिना चढून डेकवर जायचं, समोर मेस्सीनाची सामुद्रधुनी. पलीकडे गाडी पुन्हा जोडून पालेर्मो किंवा सिराकुझाकडे निघते. चढवणं-उतरवणं धरून यात दीड-दोन तास जातात. पाणी सगळ्यात अरुंद जागी तीन-सव्वातीन किलोमीटरच आहे, पण तिथे पूल बांधायचं गुऱ्हाळ कित्येक दशकं चालू आहे आणि पूल झाला की हा प्रकार संपेल. जहाजावरच्या कँटीनमध्ये अरांचिनी नावाचे भाताचे तळलेले गोळे मिळतात. आत बहुधा गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचा खिमा असतो, शाकाहारी असाल तर पालकाचे आहेत का ते विचारून घ्या. हा बेत केलात तर परतीचं विमान रोमहून न काढता पालेर्मो किंवा कातानियाहून काढा, म्हणजे पुन्हा बारा तास मागे यायला नको.